दुसऱ्या चुलीची घरपट्टी

३ फेब्रुवारी १९८६

सावलीला पंचायत समितीत मीटिंग. बीडीओ साहेबांनी सगळ्या ग्रामसेवकांना समोर बसवून सांगितलं, चार वर्षं झाली, घरपट्टीची फेरआकारणी करा. जुनी यादी उतरवून काढाल तर खबरदार. प्रत्येक घरात जायचं, लांबी-रुंदी घ्यायची, भिंत मातीची की विटांची, वर कवेलू की टिना, राहतं कोण, सगळं नव्यानं. नवी यादी मार्चमध्ये चावडीवर लागली पाहिजे.

मी अजून कायम नाही. कायमची ऑर्डर याच वर्षी निघेल असं हेडक्लार्क म्हणतात. त्यामुळे काम चोख पाहिजे.

बसनं फाट्यावर उतरून घरी आलो तो दिवेलागण. शालू ओट्यावर बसून होती. लग्न करून आणली त्याला तीनेक महिने होतील, पण तिचं बोलणं मोजकंच. भाजी काय करू, पाणी तापवलं, एवढंच. चांद्याची, म्हणजे चंद्रपूर शहरातली पोरगी, बाप खाणीत, घराखाली दुकान, रस्त्यावर दिवसभर माणसं. इथं ग्रामपंचायतीच्या मागची खोली, समोर धानाचं कुटार. तिचा दोष नाही.

५ फेब्रु.

मोजणी सुरू. सोबत ग्रा.पं.चा चपराशी देवाजी. दिवसभर फिरून मोजकीच घरं झाली.

अडचण अशी की दिवसा पुरुष शेतावर, बांधाचं काम चालू. घरी बाया. दारातूनच सांगतात, "घरी माणूस नाई. मंग या." बाहेरून घर दिसते तेवढं लिहून घ्यावं तर आत काय काय असते कोणास ठाऊक. मागच्या वेळी असंच लिहिलंय म्हणून तर गोंधळ. देवाजी म्हणे, "साहेब, अंदाजपंचे लिहा ना. आजवर कोनं इचारलं?"

जेवताना शालूला हे सांगितलं. सांगायला दुसरं काही नव्हतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मी येऊ का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

६ फेब्रु.

आली. खरंच आली. नेहमीची साडीच, पण पदर खोचून. एका हातात टेपाचं टोक.

मी बाहेरची मापं घ्यायची, ती आत. आतून आकडे ओरडून सांगायची, देवाजी आणि मी सपरीत, म्हणजे पडवीत, बसून लिहायचं. "अकरा फूट! ... थांबा, धानाची ढोली आडवी येऊन राह्यली, ... हो, अकराच!" घरातल्या बाया हसायच्या. टेप धरायला पोरी पुढं.

दुपारपर्यंत काल दिवसभरात झाली त्याहून जास्त घरं. प्रत्येक घरी शालूला पाणी, कुठं गूळ, एका घरी मुरमुरे. परत येताना ती सारखी बोलत होती. कोणाचं माहेर कुठलं, कोणाला किती लेकरं, कोणाच्या घरात किती काळोख. इतकी बोलते हे मला माहीत नव्हतं.

११ फेब्रु.

कामाला वेग आला. शालूनं स्वतःची पद्धत काढली. आत गेली की आधी पाच मिनिटं बसते, मग टेप काढते. मी म्हटलं वेळ जातो. म्हणाली, "आधी टेप काढला का त्या भितेत. पट्टी वाढवाले आले म्हणतेत. बसली का मंग स्वतःच दाखवतेत, इथी एक खोली आहे म्हणून."

बरोबर आहे. मला ट्रेनिंगमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

१४ फेब्रु.

आज पाटलांचं घर. गावातलं सगळ्यात मोठं. पाटील नागपूरला मुलाकडे, घरी म्हाताऱ्या पाटलीणबाई, गंगाबाई. माझ्यासाठी सपरीत खुर्ची आली. ग्रामसेवक म्हणून येते. आम्ही बौद्ध आहोत हे गावाला माहीत आहे, आणि खुर्ची आणि घर यांच्यात कुठवर यायचं तेही गावाला माहीत आहे.

शालू आत गेली. माजघरापर्यंत आकडे आले. मग आतून गंगाबाईंचा आवाज, "थांब पोरी. सयपाकघरात नोको येऊ."

माझे कान तापले. देवाजी जमिनीकडे पाहू लागला. उठावं, तिला बोलवावं, चला म्हणावं, असं मनात. तेवढ्यात शालूचा आवाज, अगदी रोजच्यासारखा: "नाई येत, आई. हा टेप तुम्ही धरा. त्या भितीपाशी जा. सरळ धरा, झोल पडू देऊ नका."

टेप भुईवरून सरकल्याचा आवाज आला. मग गंगाबाई, "किती आला वो?"

"तुमच्या अंगठ्यापाशी कोनता आकडा आहे?"

"मले कुठी वाचता येते."

"मंग टेप तसाच पकडून इकडं या."

अशा येरझाऱ्या. म्हातारीनं सगळं सयपाकघर, त्यामागची धानाची खोली (जुन्या यादीत ही खोलीच नाही), न्हाणी, सगळं स्वतः मोजलं. शालू उंबऱ्याशी उभी राहून आकडे सांगत होती. शेवटी गंगाबाई बाहेर येऊन मलाच विचारतात, "गोठा बी मोजाचा आहे का?"

वाटेत शालूला विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाली, "वाटलं." पुढे बरंच चालल्यावर, "पण म्या त्याइच्याकडून पुरा वाडा मोजून घेतला. मी नुसती उभी होती."

मी तिच्या जागी असतो तर उठून आलो असतो आणि ती खोली जुन्या यादीसारखीच राहिली असती.

१९ फेब्रु.

शालू आता फक्त भिंती मोजत नाही. चुली पाहते. आज म्हणाली, "एका घरात दोन चुली असल्या तं तुमच्या यादीत घर एक का दोन?"

म्हटलं, नाव ज्याचं त्याचं घर.

"पण राहतेत तं दोन घरं."

नियम काढून पाहिला. यादीत दोन रकाने आहेत. एक मालकाचा, एक भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहतो त्याचा. गावात आजवर दुसऱ्या रकान्यात सगळीकडे "स्वतः" असं लिहिलेलं आहे. वेगळा राहत असेल त्याची वेगळी नोंद घेता येते. कोणी घेतलेली नाही एवढंच.

२१ फेब्रु.

आजचं घर लिहून ठेवलं पाहिजे.

महागूचं घर. महागू ग्रामपंचायतीचा मेंबर, माणूस कष्टाळू, तोंडानं फटकळ. घराला मधून कामट्यांचा, मातीनं लिपलेला कुड घातलेला. अलीकडे महागू, बायको, पोरं. पलीकडच्या खोलीत त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको अनुसया. एकटी. लेकरू नाही. धानाच्या रोवण्याला, कापणीला मजुरीनं जाते. दार वेगळं, चूल वेगळी.

शालू पलीकडे मोजत होती. मी दारात. अनुसया पदर डोक्यावर घेऊन मला म्हणाली, "साहेब, माह्या खोलीची पट्टी माह्या नावानं लावा."

मला हसूच आलं. इतक्या घरांत फिरलो, सगळ्यांचं एकच, पट्टी कमी करा, खोली लिहू नका, गोठा पडका आहे. पट्टी लावा म्हणणारी ही पहिली.

ती हसली नाही. म्हणाली, "म्या दरसाल माह्या हिश्श्याचे पैसे देते. पावती त्याइच्या नावाची येते. भांडण झालं का म्हणतेत, घर माह्या नावचं आहे, निंग. गेल्या पोळ्याले माह्यं गाठोडं आंगणात फेकलं. मले भीक नोको साहेब. पट्टी लावा."

देवाजीनं मला बाजूला घेतलं. "साहेब, महागू मेंबर आहे. पंचायतीत तुमच्या पगाराच्या बिलावर त्याईची सही लागते असं नाई, पण बोट घालनारा माणूस आहे. ऱ्हाऊ द्या."

२२ फेब्रु.

नाव लिहायचं की नाही, दिवसभर तेच डोक्यात. घरपट्टीच्या यादीतलं नाव म्हणजे मालकी नाही, हे कोर्टही सांगेल. पण अनुसयाला कोर्टाशी काही घेणं नाही. गाठोडं फेकताना दाखवायला काहीतरी पाहिजे.

शालूला म्हटलं, माझी ऑर्डर व्हायची आहे. ती भाकर थापत होती. म्हणाली, "ती तिथी राहते का?"

राहते.

"तुम्ही डोळ्यानं पाह्यलं?"

पाहिलं.

"मंग लिहा. खोटं लिहा म्हणून मी म्हणत नाई."

लिहिलं. मालक महागू. भोगवटादार अनुसया. घर नंबर वेगळा.

४ मार्च

मोजणी संपली. देवाजीनं दोघांना चहा पाजला, स्वतःच्या घरी, त्याच्या बायकोनं शालूला बांगड्या भरल्या. देवाजी म्हणे, "बाई, तुमच्याच्यानं गाव मोजून झालं. साहेब एकटे असते तं पुढच्या फेरआकारणीपर्यंत चाललं असतं." खरं आहे.

१२ मार्च

यादी चावडीवर लावली. दवंडी दिली. महिन्याच्या आत हरकती द्या.

दुपारपर्यंत गर्दी. वाचता येणारे मोठ्यानं वाचतात, बाकीचे ऐकतात. बायका लांब उभ्या. संध्याकाळी शालू गेली आणि त्यांना त्यांच्या त्यांच्या घराची ओळ वाचून दाखवली. अनुसयाला तिचं नाव बोटानं दाखवलं. अनुसयानं विचारलं म्हणे, "हे एवढंच?" शालू म्हणाली, "एवढंच." तरी बराच वेळ तिथं उभी होती.

१५ मार्च

महागूची हरकत आली. अपेक्षित होती. सोबत अजून एका कागदाची नक्कल, मूळ कागद थेट सावलीला गेला आहे. बीडीओ साहेबांच्या नावे अर्ज: ग्रामसेवकाची बायको कोणाच्या हुकमानं सरकारी काम करते? लोकांच्या घरात शिरून चुली मोजते. दोन घरांत भांडणं लावते. चौकशी व्हावी.

शालूला वाचून दाखवला. भांडी घासता घासता ऐकत होती. "चुली मोजते हे तं खरं आहे," म्हणाली. मग हात धुवून माझ्याजवळ येऊन बसली. "तुमची नोकरी जाईन का?"

माहीत नाही म्हटलं.

"गेली तं?"

तर धानाच्या गिरणीत हिशेब लिहीन.

तिनं ताटं वाढली. जेवण मात्र दोघांनाही गेलं नाही.

३० मार्च

होळी होऊन गेली. महागूच्या घरासमोरून जाताना त्यानं राम राम केला नाही. अनुसया म्हणते, होळीच्या रात्रीपासून अलीकडून पलीकडे एक शब्द नाही. कुडाला मात्र कोणीतरी पलीकडून नवीन माती लावली.

३ एप्रिल

चौकशी. विस्तार अधिकारी आले. वय झालेले, चष्मा दोरीनं बांधलेला, फार न बोलणारे. आधी मला सगळं विचारलं. मी जसं झालं तसं सांगितलं. बायको आत गेली, आकडे तिनं सांगितले, लिहिले मी, सही माझी.

मग म्हणाले, "चार घरं दाखवा. मी मोजतो."

गंगाबाईंकडे गेलो. साहेबांनी विचारलं, आई, तुमच्या घरात ग्रामसेवकाच्या बायकोनं मोजमाप केलं का? गंगाबाई म्हणाल्या, "तिनं काऊन मोजन? मी मोजलं. टेप माह्या हातात होता. तिले तं म्या आत येऊ बी नाई देल्लं." आणि साहेबांना हाताला धरून माजघरात नेलं, धानाच्या खोलीसमोर उभं केलं. "हे खोली मागच्या साहेबाले दिसली नव्हती. लिहा."

साहेबांनी टेप लावला. आकडे जुळले. पुढच्या घरांतही जुळले.

त्या बाईंचं सयपाकघर आजही शालूसाठी बंदच आहे. पण खोटं बोलल्या नाहीत आणि खरंही पूर्ण नाही, आणि मला त्याच्यानं मदत झाली. माणसाचं काय लिहावं.

जाताना साहेब आमच्या घरी आले. शालूनं चहा दिला. तिला म्हणाले, "बाई, शिक्षण किती?" "मॅट्रिक." "पास?" "पास." चहा संपवून मला म्हणाले, "यापुढे त्यांना कामावर नेऊ नका. ताकीद लेखी येईल." दारातून वळून पुन्हा, शालूला नाही, मला, "काम चांगलं झालं आहे. ते मात्र मी लेखी देऊ शकत नाही."

८ एप्रिल

ताकीद आली. फाईलला लागली. नोकरी आहे.

ऑर्डर लांबली, असं हेडक्लार्क म्हणतात. शालूला सांगितलं. ती म्हणाली, "लांबली ना. गेली तं नाई."

१४ एप्रिल

जयंती. गावातल्या आमच्या बौद्ध मोहल्ल्यात निळ्या पताका, सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. दरवर्षी पोरं बोलतात, या वर्षी मंडळाच्या म्हाताऱ्यांनी शालूला बोलायला उभं केलं. तिनं भाषण केलं नाही. म्हणाली, मी भाषण करत नाही, यादी कशी वाचायची ते सांगते. आणि चावडीवरच्या यादीतला कोणता रकाना कशाचा, पुढच्या खेपेला हरकत कशी लिहायची, कोणाकडे द्यायची, पावती मागून कशी घ्यायची, ते सांगितलं. दहा मिनिटं. लोक शांत ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं मागून विचारलं, "पोरी, हे चांद्यात शिकवतेत का?" ती म्हणाली, "नाई बाबा. इथीच शिकली. या गावात."

मी गर्दीत मागं उभा होतो. माझ्या शेजारचे म्हणाले, साहेब, तुमची मंडळी चांगली बोलते. हो म्हटलं.

१८ एप्रिल

सासरे आले, चांद्याहून. उन्हाळ्यात मुलीला महिनाभर न्यायला. जेवल्यावर मला हळूच म्हणाले, "चिठ्ठीत लिहीत होती, इथी मन लागत नाई."

शालू आतून म्हणाली, "बाबा, एकवीस तारखेले हरकतीची मीटिंग आहे. त्याच्या आधी मी कुठी येत नाई."

सासरे एक दिवस राहिले, एकटेच परत गेले. फाट्यावर सोडायला गेलो. म्हणाले, "मॅट्रिकच्या पुढं शिकवाचं होतं. खाणीत माहा पाय मोडला त्या वर्षी, राहून गेलं." बस आली.

२१ एप्रिल

हरकतींची सुनावणी. ग्रामपंचायतीची खोली भरलेली. खिडकीबाहेर बायका. इतक्या बायका मी ग्रामसभेलाही पाहिल्या नाहीत.

सरपंच नामदेवभाऊ, वयानं मोठे, भिडस्त. कोणाला दुखवणं त्यांच्या जिवावर येतं. पण आज सुरुवातीलाच म्हणाले, "महागूभाऊ, आज तुम्ही मेंबर नाई, हरकतदार आहा. खुर्ची सोडा. तिकडं सतरंजीवर बसा." महागू उठला. मला ते अपेक्षित नव्हतं.

महागू बोलला. ओरडून नाही. "घर माह्या बापानं बांधलं. भाऊ माहा होता. त्याची बायको आहे, म्या तिले कधी उपाशी ठेवली नाई. पण कागदावर तिचं नाव चढलं का उद्या दुसरं लग्न करन, खोली तिसऱ्याच माणसाले देईन. मंग माहा कुड आन त्याचा कुड. मी कुठी जाऊ?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तो भीत होता. हे मी आधी पाहिलंच नव्हतं.

मग अनुसया. भासऱ्यासमोर ती तोंड उघडत नाही, रीत आहे. नवऱ्याच्या मोठ्या भावाशी सरळ बोलायचं नाही. म्हणून पदर ओढून, सरपंचाकडे तोंड करून. शालू खिडकीबाहेर उभी होती. तिनं काहीच शिकवलेलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, हळू बोल पण बोल.

अनुसया बोलली. "मले इकाचं नाई. मले राहाचं आहे. माहेरी भाऊ नाई, माय मेली. कुड म्या लिपला, कवेलू म्या फेरले, भुई म्या सारवली. त्याइनं उपाशी ठेवलं नाई हे खरं आहे. पण पोळ्याले माह्यं गाठोडं आंगणात होतं, तेबी खरं आहे. गाठोडं उचलून मी परत आत गेली. कारण दुसरं दार मले माहीत नाई. मी फुकट राहात नाई. पट्टी तरी माह्या नावानं घ्या ना भाऊ."

महागू सतरंजीचा दोरा ओढत बसला होता.

नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, नियम काय. मी सांगितला. ते म्हणाले, "मालकीचं मी बोलत नाई. तो माहा अधिकार नाई. राहते कोन, एवढंच मले लिहाचं आहे. अनुसया तिथी राहते. नोंद कायम." दोन मेंबर हो म्हणाले, एक गप्प. ठराव झाला.

महागू म्हणाला, "मी सावलीले अपील करन." आणि गेला.

बाहेर आलो तर शालू आणि अनुसया, दोघी पंचायतीच्या पायरीवर बसलेल्या. कोणी हसत नव्हतं, रडत नव्हतं. शालूनं विचारलं, "तुम्ही जेवले का?" तिला म्हणे माझ्या चेहऱ्यावर भूक दिसली.

२९ एप्रिल

आज परत बायका. "साहेब, माह्या बी चुलीचं पाहा." एक सून, एक म्हातारी आई, मुलानं वेगळं काढलेली. मुदत संपली म्हणून सांगितलं. म्हातारी म्हणे, "मंग पुढच्या खेपेले मी जित्ती राहीन तं." अर्ज घेऊन ठेवला. पुढं काय करता येईल ते विचारून पाहीन.

१२ मे

तेंदूपत्त्याचा हंगाम. गाव पहाटेच रिकामं. आज शालू अनुसयासोबत जंगलात गेली. मी म्हटलं, अस्वलं असतात. म्हणे, "मंग एवढ्या बाया काऊन जातेत?"

दुपारी परत आली. बोटं काळी, पायाला काटे, पुडे इतके वाकडे बांधलेले की पानं मोजून घेणाऱ्या फडीवरच्या मुन्शीनं हसून परत केले. अनुसयानं सोडून पुन्हा बांधून दिले. शालू सांगत होती, झाडावरून पान कसं खुडायचं, देठ कुठून मोडायचा. किती वेळ सांगत होती. मी तिच्या पायातले काटे काढत होतो. अनुसया तिला म्हणे म्हणाली, "तुह्या हाताले टेपच बरा."

२७ मे

अपिलाची नोटीस. सावली, पं.स., ९ जून. मला रेकॉर्ड घेऊन हजर राहायचं. अनुसयालाही बोलावणं. ती आजवर सावलीपलीकडे गेलेली नाही, आणि सावलीलाही बाजारापुरती. शालू तिच्यासोबत येणार. मी काही विचारलं नाही. ते ठरलेलंच होतं.

९ जून

सकाळच्या बसनं सावली. एकाच बसमध्ये महागूही. पुढं बसला. आम्ही मागं.

पंचायत समितीच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसवून ठेवलं. साहेब चांद्याला गेलेले. शेवटी बाबूनं बाहेर येऊन सांगितलं, तारीख पुढं, आता रोवणा उरकल्यावर. एवढंच. महागूनं विचारलं, मग आज काय? बाबू म्हणाला, आज काही नाही.

बसला वेळ होता. बाजाराचा दिवस. अनुसयानं पाटा-वरवंटा घेतला. आजवर ती अलीकडच्या, जावेच्या पाट्यावर वाटायची. होळीपासून ते बंद. मग मिरच्या फडक्यात कुटत होती म्हणे. दुकानदारानं पाटा ठोकून दाखवला, तिनं तीन उलटसुलट करून एक निवडला. चांगलाच जड.

फाट्यावर उतरलो चौघं. गाव तिथून बरंच आत. अनुसयानं पाटा डोक्यावर घेतला, वरवंटा शालूनं. थोडं चालल्यावर अनुसया थांबली, चुंबळ सारखी केली. पुन्हा थोडं चालली, पुन्हा थांबली. मी पुढं झालो, रेकॉर्डचं गाठोडं माझ्या दोन्ही हातांत. महागू पुढं चालला होता. तो थांबला. मागं वळला नाही. रस्त्याकडे पाहतच शालूला म्हणाला, "बाई, तिले म्हणा, दे इकडं."

शालूनं अनुसयाकडे पाहिलं. अनुसया पदराआडून, शालूलाच, "म्हणा, जड आहे."

"तिले म्हणा, दिसते मले."

त्यानं दुपट्टा खांद्यावर घडी करून टाकला आणि पाटा उचलला. बोडीच्या, गावतळ्याच्या, काठानं आलो. पाणी तळाला गेलेलं, म्हशी चिखलात.

घराशी आलो. मला वाटलं तो आपल्या दारासमोर पाटा उतरवून आत जाईल. तो तिच्या दाराशी गेला. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. पायानं लोटलं असतं तरी उघडलं असतं. तो खांद्यावर दगड घेऊन बाहेर उभा राहिला. घाम डोळ्यांत जात होता. शालूला म्हणाला, "इचारा तिले. आत आणू का."

अनुसयानं दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हणा, आणा."

तो वाकून आत गेला. पाटा ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन दुपट्ट्यानं मान पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "साहेब, अपील मी मागं घेनार नाई."

नका घेऊ, म्हटलं. तुमचा हक्क आहे.

"हो," म्हणाला. मग त्याच्या दारानं आत गेला.